डावी पुडी

तांदळाच्या पिठाचा गोळा पुन्हा सुटला. नव्या मृदंगाच्या डाव्या पुडीवर अंगठ्यानं दाबून बसवलेला, कडा ओल्या करून सारखा केलेला — आणि पहिल्या थापेलाच मधोमध भेग गेली, एक पापुद्रा उडून मुखरूच्या गुडघ्यावर पडला. तो त्या पापुद्र्याकडे पाहत राहिला. डाव्या तोंडाला कणीक गव्हाची लागते, चिकट, तिच्या वजनानं कातडं जड होतं आणि आवाज खाली उतरतो — हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, जन्मभर तेच केलेलं. पण गहू होता गुणवंतरावांच्या घरात, आणि ती पायरी तो चढणार नव्हता. नाही वाजत तर न वाजो.

मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, सरकारनं काढून घेतली, गुणवंतरावांच्या जिभेवरून मात्र ती गेली नव्हती. जंगल गेलं, तलाव गेला, मग गावाचा मृदंग तरी माझा. होताही त्यांचाच — आजोबांनी बिजाच्या खोडातून कोरून घेतलेला. मागच्या वर्षी कापणीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर दंडारीचा नाचगाण्याचा खेळ झाला, आरमोरीकडच्या पाहुण्यांनी मुखरूचा हात वाखाणला, तर हे आपल्या ओसरीवर पानाची पिंक टाकून म्हणाले, "हात कायचा? खोड बोलते ते. कोणालेबी बसवा, असंच बोलते." लोक हसले. मुखरूही हसला. हसलो मी, दात दाखवले, कारण त्या ओसरीवर हसायचीच सवय होती, बापालाही होती. मग दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. एवढीच माझी मर्दुमकी.

जंगलातून बिजाचंच खोड आणलं, स्वतः पोखरलं, कातडं मढवलं. बायको, कमळा, तेव्हा होती. ओसरीवरचं सगळं ऐकून घेऊन ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली होती, "म्हनू द्या त्याले. मी आयकतो ना." एवढ्यावर तो निवला होता. कारण दंडार संपून घरी येताना दर वेळी तो पुढे, ती मागे, आणि तो मान न वळवता विचारायचा, आज कसा वाजला? — आणि मागून ठरलेलं उत्तर यायचं, "डोये मिटून वळखतो मी. तुमचा हात पडला का छातीत म्हैस बसल्यावानी होते." तिच्या पदरात पुडीवरून खरवडलेली कणीक बांधलेली असायची. हातांच्या घामानं काळी पडलेली ती कणीक कमळा निखाऱ्यावर भाजायची, दोघं खायची. गव्हाची चव त्या घरात अशीच आली. लाज वाटायची तेव्हा नाही वाटली, आता वाटते आहे, आता वाटून काय उपयोग... आषाढात तिला हिवताप चढला आणि ती गेली. पाऊस इतका, की नदीपलीकडच्या डॉक्टरपर्यंत खाट नेता आली नाही.

आणि तेव्हा तो आवाज आला.

धान कापून रिकाम्या पडलेल्या बांध्यांवरून, मंडईच्या मैदानातून, भर दुपारी. जुना मृदंग. वाजवणारा दादाजी, दुसरं कोण. मुखरूनंच शिकवलेला, हात कसला, नांगराचा ठोकळा. मुखरू उठून दारात आला. वाजवणारा माणूस आवाजाच्या मागे बसतो, आपला आवाज लांबून कसा लागतो हे त्याला कधी कळत नाही — ते कमळेला ठाऊक होतं, आणि तिनं सांगितलं तेवढंच त्याला. आज तो पहिल्यांदा तिच्या जागी उभा होता. आणि डावीवर थाप पडली की छातीत म्हैस बसत होती. अगदी तशी. ठोकळ्याच्या हातून.

म्हणजे खोडच बोलत होतं? म्हणजे गुणवंतराव... नाही. आणि मग ती काय ओळखत होती डोळे मिटून?

नवं लुगडं नेसलेली मनकर्णा समोरून चालली होती. दंडारीला कमळेला खेटून बसायची ती.

"मुखरूभाऊ, दारात उभं राहून आयकता, त मैदानात काय काटे हायेत?"

"मनकर्णाबाई, एक सांग. कमळा माहा हात वळखे का?"

ती थबकली. हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाशी गेला. "कायचा हात वळखते? झोपे ते. गण झाला का माह्या मांडीवर डोस्कं. दिवसभर रोवणं करून का कापनी करून येनार, तिले कायची दंडार. सरता सरता मी उठवो, तं मले इचारे, आज कसं वाजलं वं, सांग लवकर, इचारतीन आता."

"आन् म्हैस?"

"ते म्हैस माही हाये, मीच सांगो तिले," मनकर्णा म्हणाली. मग त्याचं तोंड पाहून आवाज खाली आणला, "भाऊ, मनाले लावून घेऊ नोका. थकली राहे." आणि ती निघाली.

मुखरू उभा होता. रागावायला हवं होतं. कोणावर? एकच साक्षीदार होता माझ्या हाताला, आणि तो घोरत होता. त्याला ती दिसली — चिखलानं पांढरी पडलेली बोटं, उघडं तोंड, मांडीवर कलंडलेली मान, आणि वरून थाप, थाप, थाप. इतक्या मोठ्या आवाजाखाली माणूस झोपतं कसं?

मग आठवलं. एका वर्षी दंडारीच्या मध्येच त्याचं बोट उललं, रक्त आलं, आणि उरलेला सगळा वेळ दादाजी बसला होता. हात बदलला होता, खोड तेच होतं. तेव्हा कमळा जागी झाली होती का?

मनकर्णा बांध्यांच्या मधल्या वाटेला लागली होती. हाक मारली असती तर पोचली असती. तिला आठवतही असेल. एक हो किंवा नाही, आणि गुणवंतरावांचा, खोडाचा, सगळ्याचा निकाल... पण आवाज कोणाचा हे त्याला आता विचारायचंच नव्हतं. हात बदलला तेव्हा कमळा दचकली का, कूस बदलून परत झोपली का, तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच ऐकायची छाती होत नव्हती. त्यानं तोंड उघडलं. मनकर्णेचं लुगडं पळसाच्या झाडांआड गेलं, तिकडे दादाजीनं लय वाढवली, आणि मुखरूच्या ध्यानात आलं की आपण इतका वेळ पायानं ठेकाही न धरता उभे आहोत, आत कोणी निजलेलं असावं तसे.