पोस्टरवरची शिवणारी

घरात तिला सगळे चिकू म्हणत, आणि कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धं होईपर्यंत तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिचे आजोबा तरुणपणी दूरच्या देशातून कामासाठी आले ते इथलेच होऊन गेले. आई-बाबा इथेच जन्मले, मग तिचं काय सांगायचं. लहानशा गावात सगळीच माणसं ओळखीची, त्यामुळे आपण कोणासारख्या दिसतो याचा विचार करायची वेळच आली नव्हती. शहरात आली आणि "कुठली गं तू?" या प्रश्नाला आपलं एक उत्तर पुरत नाही हे तिच्या लक्षात आलं. गावाचं नाव सांगितलं की समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ते ठीक आहे. पण मूळची?"

अर्थशास्त्राच्या बाईंनी एकदा तासाला पुस्तकं मिटायला लावली. "आपल्या पुढे बसलेल्याच्या कॉलरमागचं लेबल वाचा," त्या म्हणाल्या. "कपडा कुठे शिवलाय ते मोठ्याने सांगा."

वर्गात खसखस पिकली. जो तो पुढच्याच्या मानेशी झटू लागला. एकेका देशाचं नाव येत होतं, बाई फळ्यावर लिहीत होत्या. चिकूच्या मागच्या मुलीने तिच्या शर्टाचं लेबल वाचलं, देशाचं नाव सांगितलं आणि सहज म्हणाली, "अरे वा, तुमच्याकडचाच की!"

सगळे हसले. चिकूही हसली. शर्ट तिने गावच्या बाजारात बाबांबरोबर जाऊन घेतला होता आणि तो देश फक्त नकाशात पाहिला होता. तिच्या आजोबांचासुद्धा तो देश नव्हता. पण हे सांगायचं सुचलं ते तास संपल्यावर.

बाई पुढे जे बोलल्या ते मात्र तिच्या मनात रुतून बसलं. स्वस्त कपड्याची किंमत कोणीतरी कुठेतरी डोळ्यांनी, पाठीने चुकती करतच असतं, असं त्या म्हणाल्या होत्या. होस्टेलवर येऊन तिने अख्खं कपाट बाहेर काढलं आणि एकेक कपडा उलटा करून बघायला लागली. तिच्या खोलीत राहणारी मुलगी डॉक्टरकी शिकत होती, म्हणून तिला सगळे डॉक्टरीणच म्हणत. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं.

"काय गं, ढेकूण शोधतेस?"

"हे कोणी शिवलं ते शोधतेय."

"मग सापडलं?"

"देश सापडतो. माणूस नाही सापडत."

कॅन्टीनशेजारी विद्यार्थ्यांनी चालवलेलं एक छोटं दुकान होतं, 'साफ धागा' नावाचं. शिवणाऱ्यांना योग्य मजुरी देऊन तयार झालेल्या पिशव्या आणि कपडे तिथे विकत. दुकानाचा सगळा कारभार एक उंचच्या उंच मुलगा बघायचा. त्याला लंबू म्हणत. चिकू रिकाम्या वेळात तिथे काम करायला लागली. लंबू तिच्याशी आदराने वागायचा, बैठकीत तिचं मत आधी विचारायचा, इतरांना गप्प करून विचारायचा. तिला बरं वाटायचं. गिऱ्हाइकंही तिच्याशी फार गोड बोलत. एक आजी पिशवी घेऊन तिचा हात दाबत म्हणाल्या, "तुझ्या माणसांचं भलं होतंय हो यातून." चिकूने "हो" म्हटलं आणि नंतर दिवसभर ही आपली माणसं म्हणजे नेमकी कोण, ते शोधत राहिली.

एका दुपारी लंबू कॅमेरा घेऊन आला. "पोस्टर करायचंय. ही हिरवी पिशवी धर जरा. हो, अशी. हसू नकोस. थोडी दमल्यासारखी दिस."

"मी कशाला दमेन? आत्ताच झोपून उठलेय."

"म्हणून तर म्हणतोय," तो हसला. तीही हसली, आणि तिने दमल्यासारखा चेहरा केला.

पुढच्या आठवड्यात तो चेहरा कॉलेजच्या प्रत्येक जिन्यावर होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या हातांना आम्ही न्याय दिला.' वाचनालयाच्या दारात एका नव्या मुलाने तिला थांबवलं आणि मोठ्या आदराने विचारलं, "तुम्ही शिवता का हो?"

"मला साधं बटण लावता येत नाही," चिकू म्हणाली आणि तडक दुकानात गेली.

"अगं, ते प्रतीक आहे," लंबू म्हणाला. "कोणाला वाटणारे की ती तूच आहेस?"

"एकाला वाटलं आत्ताच. आणि प्रतीक म्हणून तू का नाही उभा राहिलास?"

लंबू जरा अडखळला. "माझ्याकडे बघून कोणाला... म्हणजे, लोकांना पटायला हवं ना."

काय पटायला हवं, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, कारण उत्तर तिला कळलं होतं आणि ते त्याच्या तोंडून ऐकायची इच्छा नव्हती.

त्या दिवसापासून तिच्या मनाला एक खोड लागली. लेबलाची मागची बाजू बघायची तशी ती माणसांची मागची बाजू बघायला लागली. डॉक्टरिणीने पहिल्या दिवशी खिडकीजवळचा पलंग आपल्याला का दिला? चांगली म्हणून, की आपण चांगल्या आहोत हे स्वतःला सांगायला? बाईंनी निबंधाचं इतकं कौतुक का केलं? बैठकीत आपलं मत आधी का विचारतात, आणि विचारल्यावर एकही जण ते खोडून का काढत नाही? कोणी जास्त गोड बोललं की ती सावध व्हायची, आणि कोणी तुटक बोललं की त्याहून जास्त.

हा संशय घरापर्यंतही जाऊन पोचला. तिने आईला फोन लावला. "आई, मला चिकू कोणी म्हणायला सुरुवात केली?"

"आत्याने. दवाखान्यात तुला पाहिलं आणि म्हणाली, अगदी चिकू दिसतेय."

"का?"

"गोड होतीस म्हणून."

"आणि दादा गोड नव्हता? तो उजळ आहे, त्याला कोणी फळाचं नाव नाही दिलं."

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज आला. "तू तिथे काय शिकतेस गं?" आई म्हणाली. आवाज दुखावलेला होता. पण तिने नाहीही म्हटलं नाही, हे चिकूच्या ध्यानात आलं.

त्याच शहरात तिची मावशी राहायची. आईची धाकटी बहीण, एकटी, एका शिवणकामाच्या कारखान्यात कामाला. दर रविवारी चिकू तिच्याकडे जेवायला जायची. त्या रविवारी ती दुकानातली हिरवी पिशवी मावशीला भेट म्हणून घेऊन गेली. मावशीने पिशवी हातात घेतली, शिवण पाहिली, आतलं लेबल अंगठ्याने चाचपलं आणि काही न बोलता दारामागच्या खिळ्याला अडकवली. 'छान आहे' नाही, 'कशाला आणलीस' नाही. जी बाई साध्या रुमालाचंही तोंड भरून कौतुक करते, तिची ही चुप्पी चिकूला खटकली.

"मावशी, काय झालं?"

"कुठे काय. जेवायला बस."

"तू ही पिशवी आधी पाहिलीयस."

मावशीने ताट वाढलं, मीठ ठेवलं, पाणी ठेवलं. मग म्हणाली, "आमच्याकडूनच जातात त्या."

चिकूचा चेहरा खुलला. "म्हणजे तू शिवतेस?"

"आम्ही लेबलं शिवतो," मावशी म्हणाली. "पिशव्या गठ्ठ्यांनी येतात, बाहेरून. आतलं लेबल उसवायचं, नवं लावायचं. आता झालं समाधान? भात घे."

नव्या लेबलावर काय आहे ते चिकूला तोंडपाठ होतं. 'याच शहरात, योग्य मजुरीवर, हातांनी शिवलेलं.' तिने हातातला घास ताटात परत ठेवला. "हे खोटं आहे, मावशी."

"लेबल याच शहरात शिवलंय, हातांनी शिवलंय. आणि मजुरी आम्हाला व्यवस्थित मिळते. मालकीण आजारपणाची रजा देते. माझं आयुष्यात पहिल्यांदा बरं चाललंय, त्यात तू हात घालू नकोस." मग तिच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "तुला कोणी पाठवलंय का विचारायला?"

आपली मावशी आपल्याकडे अशा नजरेने बघेल, असं चिकूला कधी वाटलं नव्हतं.

तरी राहवेना. दोन दिवसांनी मावशीची छत्री द्यायचं निमित्त करून ती कारखान्यात गेली. एका गॅरेजच्या वर लांबट खोली होती, स्वच्छ, उजेडाची. मशीनवर बसलेल्या सगळ्या बायका तिच्याच रंगाच्या, कोणाची नजर तिच्या आईसारखी, कोणाचं कपाळ आत्यासारखं. भिंतीवर कॅलेंडरशेजारी तिचं पोस्टर लावलेलं होतं.

"आली गं आली, आमची हिरोईन आली!" एक जाडगेली बाई ओरडली. "सगळ्या पिशव्या हिनेच शिवल्यात. चला, आपण घरी जाऊ!"

खोली हशाने दणाणली. चिकूचे कान तापले. मावशी तेवढी मान खाली घालून मशीन चालवत राहिली. मालकीण काचेआडून बाहेर आली. पन्नाशीची, गोरी, नीटनेटकी बाई.

"तू कॉलेजातली ना? इथे काय काम काढलंस?"

"मावशीची छत्री द्यायला."

मालकिणीने एकदा छत्रीकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेरच्या कोरड्या रस्त्याकडे. "दिलीस ना? मग नीघ आता."

दाराशी उसवलेल्या लेबलांची टोपली होती. चिकूने मूठभर लेबलं खिशात कोंबली आणि जिना उतरली.

दुकानाच्या बैठकीत तिने ती टेबलावर पसरली आणि कुठून आणली ते सांगितलं. शर्टाच्या मानेमागे वाचला होता तोच देश. बाईंनी फळ्यावर सगळ्यांत वर लिहिलेला. लंबूचा चेहरा पांढरा पडला. चिकू त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हा खरंच हादरलाय, की पकडला गेलाय? कितीही निरखलं तरी तिला सांगता येईना.

"आम्हाला बनवलं," लंबू म्हणाला. "आपण त्या मालकिणीवर विश्वास ठेवला."

"कोणी जाऊन बघितलं होतं का कधी?"

सगळे टेबलावरची लेबलं चाळायला लागले. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "पण माल बंद केला तर तिथल्या बायकांचं काय? तुझी मावशीच आहे ना तिथे?"

हे चिकूने फक्त डॉक्टरिणीला सांगितलं होतं. डॉक्टरीणही आज बैठकीला आली होती, कोपऱ्यात बसली होती. तिने मान खाली घातली. "मला काळजी वाटली म्हणून बोलले," ती म्हणाली. असेलही. बायकांची आठवण नेमकी आताच कशी झाली, हा प्रश्न चिकूच्या ओठांवर आला. पण त्या मुलीचा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो तिलाही सुटत नव्हता. ती उठली आणि जिन्याजिन्यावरून स्वतःचे चेहरे उतरवत खालपर्यंत गेली.

दुकानाने नवा माल घेणं थांबवलं. उरलेल्या पिशव्यांवर लंबूने स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली, 'या कोणी शिवल्या ते आम्हाला माहीत नाही. शोधतो आहोत.' पिशव्या आधीपेक्षा जोरात खपल्या. लोक पाटीचे फोटो काढत होते. हा प्रामाणिकपणा की नवी जाहिरात, चिकूला ठरवता आलं नाही. तिने दुकान सोडलं. लंबूने दोनदा बोलवायला निरोप पाठवला. खरंच शोध चाललाय, कारखान्यांना पत्रं गेलीत, असं तो म्हणत होता. "पत्रांची उत्तरं आली की कळव," एवढंच तिने सांगितलं.

मालकिणीने लेबलं बाहेर कशी गेली याची चौकशी केली तेव्हा मावशीने उभं राहून सांगितलं होतं, "मी दिली." हे चिकूला त्या जाडगेल्या बाईकडून रस्त्यात कळलं. "काम आटलं, निम्म्या बायका घरी बसल्या," बाई म्हणाली. आज ती हसली नाही. "तुझ्या मावशीला हॉस्पिटलच्या धोबीखान्यात मिळालं काहीतरी."

चिकू धोबीखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मावशी बाहेर आली, हात पाण्याने पांढरेफटक पडलेले.

"मावशी, माझं चुकलं का गं?"

"ते मला नको विचारूस," मावशी म्हणाली. "मला राग आलाय आणि तो आहे अजून. पण ते लेबल लावताना मलाही रोज वाटायचं, ती पिशवी शिवणारी तिकडे कुठेतरी असेल, आणि मी तिला पुसून टाकतेय. चल, मला बूट घ्यायचेत. आत सगळं पाणी असतं."

बुटांच्या दुकानात शिरल्यापासून दुकानदार त्यांच्या मागे मागे हिंडत होता. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. मावशीच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल आणि तिने सोडून दिलं असेल. चिकूने रबरी बुटाचा एक जोड उचलला, तळवा उलटून पाहिला. काहीच छापलेलं नव्हतं.

"हे कुठे बनतात?" तिने दुकानदाराला विचारलं.

"का?" त्याने डोळे बारीक केले. "घ्यायचेत की नाही तुम्हाला?"

"कुठे बनतात ते सांगा, मग घेऊ."

तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. शेवटी तो कुरकुरत आत गेला आणि खोक्यांची उलथापालथ करायला लागला. मावशी स्टुलावर बसली, ओले मोजे काढून पायाची बोटं चोळत राहिली.

"सांगेल तो?" तिने विचारलं.

"सांगेल काहीतरी. खरं सांगेल की नाही, कोण जाणे."

"तोवर घालून तर बघते," मावशी म्हणाली आणि तिने पाय पुढे केला.