क्लॅरीची गार पेस्टी

लागोपाठच्या दोन मंगळवारी क्लॅरी या स्वयंसेवकाच्या लहान आतड्यात पंपाने नळीवाटे पंचेचाळीस ग्रॅम ग्लुकोज सोडले. पहिल्या मंगळवारी त्याच्या रक्तातले जीएलपी-१ हे आतड्याचे संप्रेरक चौपट झाले. दुसऱ्या मंगळवारी ते जेमतेम हलले.

हे घडले ती ॲडलेडमधली इमारत आता पाडली आहे. तरी किटलीची शिट्टी ऐकली, की मला चौथ्या मजल्यावरची नर्स ग्लेनिसची खोली आठवते. पंप लावून रक्ताचे नमुने ग्लेनिस काढायची. मी खालच्या मजल्यावर ते मोजणाऱ्या यंत्रापाशी असायचे. माझा प्रबंध बारा माणसांवर उभा होता. एकच आतडे एकाच साखरेला दोन उत्तरे देत असेल, तर उरलेल्या अकरांवर विश्वास ठेवायला आधार नव्हता. सात महिने वाया जाणार होते.

नळीचे टोक जागेवर होते. नमुने पुन्हा मोजले, आकडे तेच. मार्गदर्शक म्हणाले, "माणूस आहे, बदलतो." मला हे कारण वाटले नाही.

क्लॅरीने बरोसाच्या द्राक्षमळ्यांत आयुष्य काढले होते. साखर संपली की प्रत्येकाला पेस्टी मिळायची, मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी. क्लॅरी तिसऱ्या खेपेला आला तो कुरकुरतच.

"पोरी, आज पेस्टी गरम मिळेल ना? मागच्या वेळी दीड वाजता खाल्ली. नुसता दगड!"

"दीड? साखर तर अकराला संपते."

"ते या बाईला विचार. मला जगवायचा विडा उचललाय तिनं."

ग्लेनिस टेबल पुसत राहिली.

"ग्लेनिस, पंपाला हात लावलास?"

"मंद केला गं. तिसऱ्या हिश्श्यावर. मळमळत होतं त्याला. नळी उपटून घरी गेला असता, मग बसली असतीस रडत! आणि बाटली रिकामी झालीच की, थेंबन् थेंब."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुझ्या तक्त्यात वेगाचा रकाना कुठाय, डॉक्टरीणबाई?"

नव्हता. तक्ता मीच आखला होता.

"आणि बाकीचे अकरा?"

"ते कुठे कण्हत होते? त्यांना नाही हात लावला."

त्या दिवशी पंप मुद्दाम मंद ठेवला. संप्रेरक जेमतेम हलले. पुढच्या मंगळवारी पूर्ण वेगाने चालवला, चौपट. क्लॅरी दोन्ही वेळा आला, दोन्ही वेळा त्याने मला शिव्या दिल्या. मंद दिवशी ग्लेनिसने त्याची पेस्टी गरम पाण्याच्या भांड्यावर झाकून ठेवली होती.

वहीत कारण लिहिले ते असे: मंद ओघातली साखर आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जाते. जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशी बहुतेक खालच्या भागात असतात. तिथवर ती पोचत नाही. साखर तेवढीच होती. वेग तेवढा नव्हता.