बाविसावी रेघ

गल्लीत चोवीस घरं, आणि साथीच्या तीन आठवड्यांत मृत्यू एकच. तोही साथ उतरल्यावर उघडकीला आलेला. त्या एका मृत्यूपाशी तपासनीस बाईंची सही अडली होती. सही झाली की याच गल्लीची पद्धत पुढच्या गावाला लागू होणार होती. साथ तिथे परवाच पोचली होती, आणि त्या गावात बाईंची आई एकटी राहायची.

पद्धत साधी. परिचारिकेनं रोज दार वाजवायचं, पण ते उघडायला लावायचं नाही. बाहेरूनच विचारायचं, "किती जण? बरे आहात ना?" उत्तर आलं की चौकटीवर खडूची एक रेघ. लागण टाळण्यासाठीच तो नियम होता.

शेवटच्या घराच्या चौकटीवर एकवीस रेघा होत्या. आत एक म्हातारी राहायची. डॉक्टरांचा शेरा होता: मृत्यू चौथ्या दिवशी.

"उरलेल्या सतरा रेघा शेवटी एकदमच ओढल्यास का गं?" बाईंनी विचारलं.

परिचारिका तडकली. "उन्हातान्हात पाय झिजवलेत, मॅडम. आळशी म्हणा, खोटारडी म्हणू नका. आजी रोज ओ द्यायच्या. 'एकटीच. बरी आहे गं.' शेवटच्या दिवशी तर म्हणाल्या, 'उद्यापासून येणार नाहीस ना?'"

"शेजारचं कुणी बोललं असेल."

"शेजारचं आणि समोरचं, दोन्ही घरं वर्षभर रिकामी आहेत."

बाई खिडकीशी गेल्या. आत झाडून काढलेली फरशी आणि भिंतीत एक खिळा, बाकी काही नव्हतं. दाराला पालिकेचं कुलूप. भर दुपार होती. एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून त्यांनी दार वाजवलं.

"किती जण?"

"एकटीच," आतून आवाज आला. "बरी आहे गं."

बाईंनी कुलूप ओढून पाहिलं; ते पक्कं होतं. परिचारिकेनं मात्र खिशातून खडू काढला आणि बाविसावी रेघ ओढली.

"हाताची सवय, मॅडम," ती ओशाळून म्हणाली.

त्या संध्याकाळी बाईंनी सही केली नाही. अहवालात लिहिलं: माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेघ ओढू नये. पूर्णविराम देताना पेन थबकलं. रोज सकाळी नऊला त्या आईला फोन करायच्या. "बरी आहेस ना?" "बरी आहे गं." दोन वाक्यं, की फोन खाली. आईला शेवटचं पाहून सात महिने झाले होते. जगाची दारं तपासायला निघालेल्या बाई घरचंच दार विसरल्या होत्या.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं त्या निघाल्या. आईचं दार बंद होतं. वाजवायला त्यांनी हात उचलला.

"बरी आहे गं," आतून आवाज आला.

"मी अजून काही विचारलंच नाही, आई." त्यांचा हात तसाच हवेत राहिला. "दार उघड."

बराच वेळ कडी हलली नाही.

"एकटीच," आतला आवाज म्हणाला.