कुड सोडून निघालेली कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. जुनी म्हटल्याबरोबर हळहळायला लागू नका. मला कोणाची दया नको आहे. ऐकायचं असेल तर नीट बसा, नसेल तर आपापल्या डब्यांकडे जा.

कणगी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. पत्र्याचा डबा बघून वाढलेली तुम्ही मुलं, तुम्हाला कोण सांगणार? बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाच्या छातीएवढी उंच, मधे चांगली फुगलेली अशी भात साठवायची जागा म्हणजे कणगी. आतून-बाहेरून गाईच्या शेणानं सारवलेली. त्या सारवणाला नावं ठेवू नका. ते आतला दमटपणा बाहेर सोडतं आणि धान्याला श्वास घेऊ देतं. एवढी अक्कल तुमच्या डब्याला नाही.

माझा जन्म वैशाखऱ्याचा. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना रस्त्याच्या कडेला हे गाव लागतं. तिथल्या गुणाबाईच्या माजघरात, डोंगरावरच्या वाडीतल्या जैतूनं मला विणली. घरात बसूनच विणली, कारण गुणाबाईला मोठं पोट हवं होतं.

"बारीक नको करूस रे जैतू. माझ्या घरात उपाशी दिसणारी कणगी नको."

"मावशे, मंग दारातून भायेर निघायची नाय ही."

"तिला कुठं जायचंय?" गुणाबाई म्हणाली.

आम्हा दोघींनाही तेव्हा तसंच वाटत होतं.

दरवर्षी मळणी झाली की पहिली ओंजळ गुणाबाई माझ्यात टाकायची. भात काढायला हातही तिचाच. घरातल्या थोरल्या बाईखेरीज कोणी माझ्यात हात घालायचा नाही, आणि तळ खरवडून कधी काढायचा नाही, हा तिच्या सासूनं घालून दिलेला नियम. बरोबर मधोमध बियाण्याची मुडी असायची. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेलं गाठोडं. आत राख आणि निरगुडीचा पाला घालून ठेवलेलं झिनीचं बी. झिनी हा बारीक, वासाचा भात. गावात बाकीच्यांनी तो केव्हाच सोडला होता, कारण तो उतरतो कमी आणि मिजास करतो फार. गुणाबाईचं आणि त्याचं म्हणूनच जमलं असावं.

मग तिचा नवरा वारला. मुलगा नामा कल्याणला मालधक्क्यावर कामाला होता. बायको ठकूला घेऊन तिकडेच राहायचा. एका पावसाळ्यात बांधावरून घसरून गुणाबाईचा गुडघा दुखावला आणि नामाला बोलायला जागा मिळाली.

"आये, तू एकटी नको राहू. लोक मला नावं ठेवतात."

"लोकांनी तुला नावं ठेवली म्हणून मी घर सोडू?"

पण गुडघा काही ऐकेना. शेवटी जेठापर्यंत कल्याणला राहायचं ठरलं. नामा म्हणाला, बी शेजारच्या यमाजीकडे ठेव. गुणाबाई उसळली. ज्या घरचं बी त्याच घरात, थोरल्या बाईच्या नजरेसमोर राहायचं. दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलं की ते आपलं राहत नाही, अशी आमच्याकडची रीत.

"शहरात बी टिकायचं नाय, आये."

"टिकंल. माझ्या कणगीत टिकंल. जेठात मी गावी येईन आन राबात ते माझ्या हातानं पेरीन. बी नाय रुजलं तर तू म्हणशील तिथं बसंन. शेत कायमचं यमाजीला दे, मी तोंड उघडणार नाय."

राब म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन. नामानं ही पैज लगेच मान्य केली. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला जिंकल्यासारखंच वाटलं होतं.

आता मला बाहेर कसं काढायचं? मित्रांनो, आमच्या घराच्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या ओळीनं उभ्या बांधायच्या आणि वरून लिंपायचं. यमाजीनं लिंपण उतरवलं, काठ्यांच्या गाठी सोडल्या आणि भिंत बाजूला ठेवली. मी ऐटीत बाहेर आले. संध्याकाळच्या आत काठ्या परत जागेवर बांधून, नामाबरोबर आलेल्या ठकूनं लिंपूनही टाकल्या. घर असावं तर असं. सांगितलं की सरकतं, काम झालं की परत उभं राहतं.

गवताच्या लॉरीवर बसून आम्ही कल्याणला गेलो. आणि तिथं नामाच्या खोलीच्या दारात माझं पोट अडकलं.

आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. शेजारच्या ताराबाईचा नवरा गवंडीकामावर मुकादम होता. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चौकट फोडावी लागेल. आणि मग घरमालक आपल्याला फोडेल."

असलं ते शहर. भिंती एवढ्या पक्क्या की घरच्या कणगीला आत घेता येत नाही. मला चाळीच्या बोळात, नळाजवळ उभी केली आणि पोत्यांतून आणलेला भात, मधोमध मुडी ठेवून, परत माझ्यात भरला. जिनं कधी उंबऱ्याबाहेरचं ऊन पाहिलं नव्हतं, ती मी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपराला लागू लागले.

त्या बोळातून मी शहर पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी पाहिलं. मुंबई म्हणावी तर नाही आणि गाव म्हणावं तर राग यायचा. माणसं सकाळी मुंबईला जायची, संध्याकाळी झोपायला परत यायची. मुंबई इथून किती जवळ, याचाच सगळ्यांना अभिमान. ताराबाईनं तो गुणाबाईला ऐकवला तेव्हा गुणाबाई म्हणाली, "मंग तिकडंच ऱ्हा ना गो बाय. इथं वाटेत कशाला बसलीस?"

प्रत्येक दाराला कुलूप. आत काय, तर दोन पातेली आणि एक घड्याळ. तांदूळ आणायचे कागदाच्या पुडीतून, तेही पदराखाली झाकून, शेजारणीला कळू नये म्हणून. पाहुणा आला की आधी त्याची परतीची गाडी विचारायची, मग चहा टाकायचा. निवडणूक आली तेव्हा कोणीतरी माझ्या पोटावर उमेदवाराचा कागद चिकटवला. निवडून आला म्हणे. माझ्या पोटाला त्याची खळ महिनाभर चिकटून होती.

"हा बुरूज इथून कधी हलणार हो, गुणाबाई?" ताराबाई रोज विचारायची. "शेणाचा वास येतो आम्हाला."

"तुमच्या गटाराला काय अत्तराचा येतो?"

खरी पंचाईत वेगळीच होती. माझं सारवण उन्हानं तडकलं होतं आणि शहरात गाईचं शेण मिळेना. तबेल्यातल्या भय्यानं म्हशीचं देऊ केलं. गुणाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो म्हशीमागे जाऊन उभा राहिला.

चैत्रात शेणव्याहून, लेकीच्या सासरहून, तिच्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. जाताना गुणाबाई ठकूला म्हणाली, "येताना शेण घेऊन येते. तवर हिला हात लावू नको." आणि शेण आणायला रिकामी पाटी घेऊन गेली. लेकीच्या बाळंतपणाला पाटी घेऊन जाणारी बाई चाळीनं पहिल्यांदाच पाहिली. खूप हसले सगळे.

ती गेल्यावर मुकादमाला माझी कीव आली. त्याच्याकडे कामावरचं थोडं सिमेंट उरलं होतं. मित्रांनो, ही शहरची कीव मोठी वाईट. ती विचारत नाही, लिंपून टाकते.

"एकदाच सिमेंट मारू," तो म्हणाला. "वास नाही, भेगा नाहीत, उंदीर नाही. पक्कं काम."

ठकू घुटमळली. "आत्यांना विचाराया होवं."

"आयेला काय इचारायचंय?" नामा म्हणाला. "तिलाच बरं वाटंल."

माझं सगळं अंग त्यांनी ओल्या सिमेंटनं लिंपलं. तोंडावर फळी ठेवून तेही बुजवलं. चाळ गोळा होऊन बघत होती. "आता कशी छान दिसते!" ताराबाई म्हणाली. कल्याणात माझं कौतुक झालं ते तेवढंच, आणि त्याच दिवशी माझा श्वास बंद झाला.

सिमेंटची ओल आत आली आणि आतली वाफ बाहेर जाईना. भात घामाघूम झाला, मग तापला. कामट्यांना लागून असलेले दाणे काळे पडत गेले आणि तो काळेपणा मुडीच्या दिशेनं सरकत होता. मला ते कळत होतं. पण मला ओरडता येत नाही. नळावर बायका एकमेकींशी भांडायच्या आणि माझ्या गुळगुळीत पाठीला कळशी टेकवायच्या.

गुणाबाई आली ती डोक्यावर शेणाची पाटी घेऊनच. मला पाहून थांबली. पाटी खाली ठेवली आणि तिनं माझ्यावर तळवा टेकला.

"हिला ताप आलाय," ती म्हणाली. "कोयता दे, ठकू."

"अहो, ते सिमेंट आहे," मुकादम म्हणाला. "कोयत्यानं निघत नाही."

"मंग कशानं निघतं?"

"घणानं."

"मंग आण तुझा घण. उभा काय ऱ्हायलास?"

त्यानंच लावलेलं त्यालाच फोडायला लावलं तिनं. घाव बसले तशी माझी एक कूस फाटली आणि काळा, कुबट भात बोळभर सांडला. शेणाचा वास सहन न होणाऱ्या चाळीनं नाकाला पदर लावले. गुणाबाईनं खांद्यापर्यंत हात घालून मधली मुडी ओढून काढली. पेंढा बाहेरून ओलसर होता. आत काय झालं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं त्यातलं मूठभर बी काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि चुलीशेजारी उबेला ठेवलं. मोड आले तर बी जिवंत. नाही आले तर गाव संपलं. ते दिवस ती कोणाशी भांडली नाही. ताराबाई घाबरून ठकूला म्हणाली, "त्यांना सांग गं, मला दोन शिव्या तरी द्या म्हणावं. हे गप्प राहणं बघवत नाही."

फडकं माझ्यासमोर, बोळातच सोडलं. सगळी चाळ वाकली होती.

"आलेत!" ताराबाई किंचाळली. "मोड आलेत हो गुणाबाई!"

नामानं दाणे तळहातावर पसरून पाहिले. "निम्मं मेलंय, आये."

"मेलेलं तू मोजत बस. जितं मी पेरते."

"बी नाय रुजलं तर इथं बसंन म्हणाली व्हतीस."

"रुजलंय की. समदं रुजंल असं कवा म्हटलं व्हतं? दाट पेरीन."

नामानं दाणे परत फडक्यात बांधले. मुकादम मात्र माझ्या फाटक्या कुशीला पत्रा ठोकून द्यायला तयार होता. माणूस वाईट नव्हता. शहरानं त्याला तेवढंच शिकवलं होतं.

निघताना मी पाहिलं, ताराबाईनं मोड आलेले चार दाणे बिस्किटाच्या डब्यात माती घालून लावले होते आणि डबा दारात ठेवला होता. डब्यात भात पिकवणार म्हणे! पण रोज येता-जाता ती त्याला नळाचं पाणी घालायची, ते पाणी स्वतः रांगेत उभं राहून भरलेलं. एवढं एक सोडून त्या शहराबद्दल बरं बोलावं असं माझ्याकडे काही नाही.

वैशाखऱ्याला उतरल्यावर कुड उघडायचा होता. नामा कोयता घेऊन पुढे झाला आणि भिंतीवर घाव घालू लागला. यमाजी धावत आला.

"आरं, तोडतोस काय लेका? सोड! गाठ सोड!"

नामा लाजला. त्या घरात जन्मलेल्या मुलाला भिंत सोडायची असते, हे आठवेना. त्यानं कोयता टाकला आणि बोटांनी चाचपत गाठ शोधू लागला. गुणाबाई बघत उभी होती. तिनं गाठ दाखवली नाही. ती त्याला सापडेपर्यंत थांबली.

जैतूला बोलावणं गेलं. माझी फाटकी कूस पाहून तो म्हणाला, "सांगितलं व्हतं मावशे. ही दारातून जायाची नाय."

"दारातून गेलीच नाय ती. गप इण."

त्यानं ओल्या बांबूच्या हिरव्या कामट्या घालून ती बाजू नव्यानं विणली. वर शेण बसलं, पण तिथं हात फिरवलात तर वीण वेगळी लागेल. जेठात गुणाबाईनं राबात बी दाट पेरलं. मधे मधे रिकामी ठिगळं राहिली, तरी लावणीपुरती रोपं झाली. त्या साली भात माझ्या कमरेपर्यंतच आला. मी कुरकुरले नाही. झिनी होता.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला वेळेवर सारवा आणि तिचा तळ खरवडू नका. तुमच्या घरात थोरली बाई असेल आणि तिचं काही पक्कं करून द्यायची हौस आली, तर आधी तिला विचारा. तिनं नको म्हटलं तर सिमेंट परत घेऊन जा.

गेल्या साली नामा रजेवर आला होता. जेवून उठला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "आये, आता कुड काढून इटा घालू का?"

गुणाबाईनं माझ्याकडे बोट केलं. "हिला इचार."

नामा माझ्यापाशी आला. त्या हिरव्याच्या पिवळ्या पडलेल्या कामट्यांवरून त्यानं हात फिरवला. मग बाहेर गेला, आणि येताना नव्या कारवीचा भारा खांद्यावर घेऊन आला.