आईच्या लॉगिनमधून

स्क्रीनवर कोपरा दुमडलेला पांढरा कागद... नखाएवढा. चेहरा नाही. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. कागदच.

दुपारी आईला वृद्धाश्रमात न्यायला गाडी येणार, त्याआधी तिचा कॉम्प्युटर आवरून ठेवावा म्हणून तो आज पहिल्यांदाच तिच्या लॉगिनमधून आत शिरला होता. पहिल्यांदाच! कॉलेजातली चाळीस मशीन सांभाळणारा माणूस तो, घरच्या एका मशीनसाठी एवढं कोण करतो. आईला अक्षरं लागेनाशी झाली तेव्हा त्यानेच मोठ्या ऐटीत तिच्या मशीनवर लिनक्स घालून दिलं होतं, व्हिडिओ कॉलच्या आयकॉनच्या जागी ताईचा – आईच्या चिमीचा – फोटो बसवला होता, की तिथे क्लिक केलं की थेट ताई. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, इथे कागद आहे. दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानेही तेच. तो आपल्या लॉगिनमधून बघायचा – ताई छान हसतेय – आणि आईवर खेकसायचा.

"नीट बघ ना. पोटच्या मुलीचा चेहरा ओळखू येत नाही तुला?"

आता त्याने फाइलची परवानगी तपासली. फोटो त्याने स्वतःच्या खाजगी फोल्डरमधून उचलला होता, आणि परवानगी जशीच्या तशी सोबत आली होती : वाचेल तो फक्त मालक. मालक म्हणजे तो. बाकी कुणालाही तिथे कागदच दिसणार... पहिल्या वर्षाच्या पोरांना तो हे फळ्यावर लिहून शिकवतो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, जवळच्यांचे चेहरे ओळखतात का? नाही, तो म्हणाला. फोनवर आवाज ओळखते, पण चेहरा गेलाय – आणि वर फोटोची गोष्ट रंगवून सांगितली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ताई फोनवर खूप रडली, मग म्हणाली, ठेवूया तिला वृद्धाश्रमात, निदान चोवीस तास कुणी बघेल. आणि त्याला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं. इतकं की त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

परवानगी बदलणं एका ओळीचं काम होतं. ती टाइप करायची सोडून त्याने आईला हाक मारली. ती स्वेटर घालून, केस विंचरून तयारच होती. त्याने खुर्ची पुढे केली आणि बऱ्याच दिवसांनी आवाज खाली ठेवून विचारलं, "आई, इथे काय दिसतंय?"

तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"चिमी आहे की," ती घाईने म्हणाली. "हसतेय. मला दिसते हल्ली." आणि थोडं थांबून, "आता नाही ना जायचं?"

त्याने काहीतरी बोलायला हवं होतं... चूक माझी होती, तू खरंच सांगत होतीस, एवढंच. तिला खोटं बोलायला आपणच शिकवलं, हे त्याला लख्ख कळत होतं, लाज वाटत होती. आणि त्याच वेळी मन चोरपावलांनी दुसरीकडे निघालं होतं – डॉक्टरांचं काय चुकलं मग? नसलेला चेहरा दिसतोय तिला. आपण स्वतः पाहिलं, आत्ता, दिवसाढवळ्या.

हा विचार किती सोयीचा आहे हे कळूनही त्याला तो हाकलता येईना. आई अजून उत्तराची वाट बघत होती.