पाठीवरचं कुणी वाचलं नाही

हे बघा, मी भिंतीवर टांगलेला असलो तरी शोभेची वस्तू नाही. मी नकाशा आहे, श्रीलंकेचा, आणि आज मला बोलल्यावाचून राहवत नाही. एरवी मी गप्पच असतो. आम्हा कागदांना कोण विचारतंय! पण ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या या घरात परवा दुपारपासून कुणी धड जेवलेलं नाही, आणि त्यात माझाही काही दोष आहे असं मला सारखं वाटतंय.

माझा जन्म कोलंबोच्या एका छापखान्यातला. मला दोन्ही बाजूंनी छापलं होतं, एवढं लक्षात ठेवा. तोंडावर बेट. निळा समुद्र, तपकिरी डोंगर, तांबडे रस्ते. माझा निळा रंग तेव्हा फार देखणा होता, मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. पाठीवर हॉटेलांच्या, शिंप्यांच्या आणि जवाहिऱ्यांच्या जाहिराती होत्या. आणि त्यांच्या खाली कोपऱ्यात एक लहानशी चौकट होती, कोणत्या महिन्यात कुठे जावं आणि कुठे जाऊ नये हे सांगणारी. त्यात असं होतं की पूर्व किनारा आणि तिकडचे डोंगर, इथे ऑक्टोबर ते जानेवारी जाऊ नये. पूर येतात, दरडी कोसळतात. शाई जरा फिकी उतरली होती, पण वाचायला बसलं तर वाचता येत होती.

बट्टिकलोआ नावाच्या गावातल्या एका दुकानातून मला महिपतरावांनी विकत घेतलं. तेव्हा ते तरणेबांड होते, आपल्या फौजेबरोबर तिथे गेलेले. मी त्यांच्या खिशात राहायचो, घामाने भिजायचो आणि दुपारी वाळायचो. डिसेंबरात एकदा एका शाळेच्या पडवीत बसून त्यांनी मला उलटं केलं आणि त्या चौकटीखाली पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. त्या पावसात त्यांच्या डोळ्यांसमोर काय झालं ते त्यांनी घरी कधी कुणाला सांगितलं नाही. मला मात्र पाठीवर वागवावं लागलं.

मग शिंदे की छावनीतल्या त्यांच्या घरी एका ट्रंकेत पस्तीस-छत्तीस वर्षं. वर त्यांची वर्दी, खाली मी, आणि आजूबाजूला डांबराच्या गोळ्या. तीन वर्षांपूर्वी महिपतरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला ते ट्रंकेतूनच कळलं, कारण बाहेर शांताताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकट्याच बोलत असायच्या.

यंदा भादव्यात शांताताईंनी कपडे उन्हाला काढले तेव्हा मी त्यांच्या हाती लागलो. त्यांच्या नात्यातले, हरिशंकरपुरमचे रमाकांतराव लंकेला जायचं म्हणतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी मला थेट त्यांच्याकडे पाठवून दिलं. महिपतरावांना विचारलं नाही. बोलू न शकणाऱ्या माणसाला विचारायचं लोक विसरूनच जातात, हे मी पुष्कळ पाहिलंय.

आता रमाकांतरावांचं सांगतो. माणूस हाडाचा सज्जन, पण आपल्या शिस्तीपुढे कुणाचं ऐकणार नाही. जमिनीच्या नकाशांच्या कचेरीत त्यांची छत्तीस वर्षं गेली. घरातल्या प्रत्येक सहलीचा बेत तेच आखत आणि तो कधी चुकला नाही, असं सगळं घर सांगतं. लेक सीमंतिनी बंगळूरला असते. जावई शंतनु तिथलाच नोकरदार. तो एकदा फोनवर म्हणाला होता म्हणे, की एखाद्या कंपनीलाच बेत आखायला देऊ या. त्यावर रमाकांतरावांनी "आम्ही काय मेलोय का?" एवढंच विचारलं आणि विषय संपला.

मला त्यांनी टेबलावर पसरलं, कोमट इस्त्रीने घड्या मोडल्या. मी सुखावलो. मग पाटणकर बाजारातून प्लायवुडचा तुकडा, मांजरपाट, लाल दोरा आणि रंगीत डोक्यांच्या टाचण्या आल्या. चुलीवर मैद्याची खळ शिजली.

कचेरीत तसंच करत. नकाशा फाटू नये म्हणून त्याच्या मागे कापड चिकटवायचं. जमिनीच्या नकाशांची पाठ कोरी असते, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. या माणसाच्या हाताखालून हजारो नकाशे गेले आणि एकाच्याही पाठीवर वाचण्याजोगं काही नव्हतं. मग माझीच पाठ ते कशाला वाचतील?

त्यांच्या पत्नी वनमालाताईंनी मात्र विचारलं. त्या दारात पोळ्यांची कणीक मळत उभ्या होत्या. "अहो, मागे काहीतरी लिहिलंय ना?"

रमाकांतरावांनी माझा वरचा कोपरा उचलून पाहिला. "जाहिराती आहेत. जुन्या हॉटेलांच्या."

वरचाच कोपरा! खालचा उचलला असता तर काय बिघडलं असतं हो? प्लायवुडवर ताणलेल्या कापडाला खळ लागलेलीच होती. त्यांनी मला अलगद वर ठेवलं, रुमालाने मधून बाहेर दाबत नेलं, आणि माझी पाठ कायमची झाकली गेली. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूदही घातलं होतं. म्हणजे किड्यांनी एखादा कोपरा सोडवावा ही आशासुद्धा गेली.

मग रोज सकाळी चहा झाला की आमचा कार्यक्रम. कोलंबो, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, तिथून डोंगर चढून एल्ला, मग नुवारा एलिया, कँडी आणि परत कोलंबो. प्रत्येक मुक्कामाला एक टाचणी आणि टाचणीतून टाचणीत लाल दोरा. सीमंतिनी आणि शंतनु आधी जाऊन पूर्वेचा समुद्र बघणार, रमाकांतराव-वनमालाताई पाच दिवसांनी निघून थेट डोंगरात एल्लाला त्यांना गाठणार. महिना कोणता? डिसेंबर. ग्वाल्हेरला पाऊस आषाढात येतो आणि नवरात्रापर्यंत जातो. दिवाळीनंतर स्वेटर बाहेर निघतात. दिवाळीनंतर कुठला पाऊस, असं रमाकांतराव सगळ्यांना छातीठोक सांगत. साऱ्या जगात पाऊस ग्वाल्हेरच्याच पंचांगाने पडतो असा त्यांचा ठाम समज. शंतनुने फोनवर हवामान पाहिलं, पण तो फोन दहा दिवसांपुढचं काही सांगेना, आणि तेव्हा तर नुकतं नवरात्र संपत होतं.

हॉटेलांना कळवलं तर सगळीकडे खोल्या मिळाल्या. समुद्रासमोरच्या, हव्या त्या. घरात आनंदीआनंद. मी मात्र भिंतीवर गारठलो. अरे, डिसेंबरात समुद्राकाठची एकूण एक खोली रिकामी का, हे कुणाच्या मनात कसं येत नाही?

दिवाळीच्या फराळाबरोबर मला शिंदे की छावनीला नेलं, महिपतरावांना बेत दाखवायला. पस्तीस वर्षांनी माझा मालक मला भेटला. खुर्चीत कलंडलेला, पांढरा, एका बाजूने ओघळलेला चेहरा. मला रडू आलं, पण कागदाला रडणं परवडत नाही. त्यांनी लाल दोऱ्यावर डावं बोट फिरवलं. बट्टिकलोआपासून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोट थांबलं आणि तिथेच ठोकायला लागलं. मग त्यांनी पंजा माझ्यावर पालथा ठेवला आणि उलटा केला. पुन्हा पालथा, पुन्हा उलटा. घशातून आवाज येत होता, शब्द होत नव्हता.

शांताताईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना लढाई आठवते हो, त्या म्हणाल्या, राहू द्या आता. रमाकांतरावही हळवे झाले. मला प्लायवुडसकट जपून उचललं आणि घरी आणलं. निघताना वनमालाताई तेवढ्या मागे वळून त्या हाताकडे बघत होत्या.

डिसेंबर आला. सीमंतिनी निघाली. तिच्या नावाची हिरव्या डोक्याची टाचणी होती. रोज तिचा फोन आला की रमाकांतराव ती टाचणी एक मुक्काम पुढे टोचत. पहिल्या दिवशी ती म्हणाली, आभाळ आलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाऊस आहे, खोलीतच बसलोय. चौथ्या दिवशी बट्टिकलोआहून फोन जेमतेम लागला, आवाज तुटत होता.

परवा पाचवा दिवस. संध्याकाळच्या गाडीने आमची ही दोघं दिल्लीला निघायची होती. सामान हॉलमध्ये रांगेत उभं. सकाळी नऊला फोन वाजला आणि रमाकांतरावांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बाबा, इथे बारिश रुकतच नाहीये," सीमंतिनी म्हणत होती. "होटलवाला बोल रहा है, आज वर जाऊ नका. शंतनु म्हणतो इथेच थांबू. तुम्ही सांगा ना काय करू."

पोरीने बापाला विचारलं. हॉटेलवाला समोर उभा असताना, नवरा शेजारी असताना, तिने बापाला विचारलं. कारण त्यांचा बेत कधी चुकला नव्हता.

"अगं, डोंगरात चढलीस की उघडीप मिळेल," रमाकांतराव म्हणाले. "एक मुक्काम चुकला की पुढचे सगळे चुकतात. निघा तुम्ही."

ठीक आहे बाबा, म्हणाली ती. त्यांनी हिरवी टाचणी उचलली आणि वाटेतल्या बिबिले नावाच्या गावापाशी टोचली. दुपारचा चहा तिथे, असं त्यांनीच लिहून दिलेलं होतं. टाचणी माझ्या आरपार गेली. मी ओरडत होतो हो, पण कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

वनमालाताई निघण्यापूर्वी शिंदे की छावनीला नमस्कार करायला गेल्या. परत आल्या त्या चपला न काढताच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. महिपतरावांनी आज त्यांचा हात हातात घेतला होता आणि तो त्यांनी उलटा केला होता, दोनदा. हे त्या रमाकांतरावांना सांगत होत्या, पण ते बॅगांना कुलपं लावत होते. मग माझ्यासमोर आपला हात त्यांनी हळूच पालथा केला आणि उलटा केला.

आणि स्वयंपाकघरातून ओला नॅपकिन घेऊन आल्या.

माझ्या खालच्या कोपऱ्यावर त्यांनी तो दाबून धरला. गार पाणी खळीपर्यंत झिरपलं. मी जीर्ण झालोय, सोडवायला गेलं की फाटणार हे मला माहीत होतं. फाडा ताई, मी मनात म्हणत होतो, समुद्र फाटला तर फाटू दे, डोंगर फाटले तर फाटू दे, पण थांबू नका. त्यांनी नखाने कोपरा उचलला आणि ओढला. माझा दक्षिणेकडचा सगळा समुद्र गेला, किनारा गेला, आणि फाट थेट डोंगरापर्यंत आली. हिरव्या टाचणीपासून दोन बोटांवर थांबली.

अगं काय करतेस, म्हणत रमाकांतराव धावले. वनमालाताईंनी त्यांच्या हातात तो ओला तुकडा दिला. चौकट अर्धी कापडालाच चिकटून राहिली होती, पण महिने शाबूत होते. पूर शाबूत होता. आणि महिपतरावांच्या दोन ओळी, पेन्सिलीच्या, पाण्याने उलट गडद झालेल्या.

रमाकांतरावांनी चष्मा पुसला आणि वाचलं. "डिसेंबर. डोंगराचा रस्ता वाहून गेला, आपली गाडी त्यात गेली. पावसात निघू नये."

ते खुर्चीवर बसले. "मी पाठ पाहिलीच नाही," म्हणाले. "वनमाला, तू विचारलंस आणि मी पाहिली नाही."

मग फोन. सीमंतिनीचा लागेना. शंतनुचा लागेना. बट्टिकलोआच्या हॉटेलवाल्याचा लागला. तो म्हणाला, ते दोघं दहालाच निघाले, मी नको म्हणत होतो, पण मॅडम म्हणाल्या वडिलांनी सांगितलंय.

हे परवाचं झालं. गाडी केव्हाच गेली. सामान हॉलमध्ये तसंच आहे. घरात रात्रंदिवस टीव्ही लावलेला असतो आणि तिकडच्या पाण्याची, खचलेल्या रस्त्यांची चित्रं दिसतात, तिथल्या माणसांची नाहीत. रमाकांतरावांनी शंभरदा नंबर फिरवले असतील. वकिलातीत नावं लिहून दिली आहेत. वनमालाताई त्यांना एका शब्दानेही लागेलसं बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटतं, कारण तो माणूस उभ्या उभ्या वाळत चाललाय. काल शांताताई आल्या, डबा ठेवून गेल्या. महिपतराव दोन दिवस खिडकीकडे तोंड करून बसलेत म्हणाल्या.

आज सकाळी रमाकांतराव माझ्यासमोर आले. लाल दोरा त्यांनी ओढून काढला, एकेक टाचणी उपटून डबीत टाकली. मग त्यांचा हात हिरव्या टाचणीकडे गेला, आणि वनमालाताईंनी तो धरला. राहू दे ती, एवढंच म्हणाल्या.

माझं म्हणणंही एवढंच आहे. माझा आता काही उपयोग नाही. निम्मा समुद्र गेलाय, पाठ सोलून निघालीय, कडा वाळून वर वळल्यात. मला भिंतीवरून उतरवा, रद्दीत द्या, वाटलं तर जाळा, माझी तक्रार नाही. पण पोरीचा फोन येईपर्यंत ती हिरवी टाचणी तिथून हलवू नका. मी तिला घट्ट धरून ठेवलंय.