झाडून ठेवलेली जागा

ताराबाईनं गाळ्यासाठीचा अर्ज खिडकीतून आत सरकवला, पण बोट त्यावर तसंच दाबून ठेवलं. मागचे तीन अर्ज याच खिडकीतून गेले होते. कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बोट काढ ना मावशी," हर्षदीप म्हणाला. "खात नाही मी कागद."

हर्षदीप तिच्याच वस्तीतला. आता नगरपालिकेच्या दफ्तरात कंत्राटी कारकून.

वस्तीच्या तोंडाशी नवा चौक झाला होता. फरशी, कमान, रंगीत दिवे, खाण्याचे बारा गाळे. पार शहराबाहेरच्या मावल्याहून लोक संध्याकाळी तिथं फिरायला येत. त्याच जागी ताराबाईनं एकोणीस वर्षं भाकरी थापून विकल्या होत्या. शेजारी मनकर्णाबाई पोत्यावर भाजी मांडायची. तेव्हा त्या जागेला शहर उकिरडा म्हणायचं. आता तिथं चूल मांडली की शिट्टीवाला येऊन उठवायचा. आणि गाळे आधी जुन्या बसणाऱ्यांना, असं पालिकेच्याच कागदावर होतं.

"मंग आमचं नाव काऊन नाही?"

"पाहणीच्या फोटोवरून यादी केली. कोणीच दिसलं नाही, तं गाळे लिलावात गेले."

"दाखव फोटो."

त्यानं मागं पाहिलं. मग कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला.

लख्ख जागा. सडा घातलेला. चूल नाही, पोतं नाही, माणूस नाही. मधोमध रांगोळीचा मोर. खाली तेलुगूत, इथल्या सरकारी भाषेत, एक ओळ होती, ती हर्षदीपनं वाचून दाखवली.

"मोकळी जागा. वापर नाही."

पाहणीला साहेब येणार म्हणून त्या दिवशी ताराबाईच दारोदार फिरली होती. पाहुणे येऊन राह्यले, आपली घाण दिसू नये. जन्मभर घाण म्हणवून घेतलेली माणसं पाहुणा येणार म्हटलं की आधी स्वतःलाच झाडून काढतात. हातगाड्या मागच्या गल्लीत गेल्या. चुली फुटल्या. एकटी मनकर्णाबाई अडून बसली. "काऊन उठू? मी कचरा हाव का?" ताराबाईनं तिच्याखालचं पोतं ओढून काढलं होतं.

"तूच तं सांगितलं होतं, साहेब येते म्हणून," ती म्हणाली.

"येते म्हणलो होतो, मावशी." हर्षदीपनं आवाज उतरवला. "उठा नव्हतो म्हणलो."

बाहेर पायऱ्यांपाशी मनकर्णाबाई उभी होती. काखेत पोत्याची घडी.

"काय निघालं?"

"त्या दिवसाचा फोटो."

"मी हाव त्यात?"

ताराबाईनं बोटं पदराला पुसली. पुन्हा पुसली.

"तुया जागेवर मी मोर काढला होता. तो हाय."

मनकर्णाबाईनं पोतं झटकलं, दफ्तराच्या दारात मधोमध अंथरलं आणि त्यावर बसली.

"त्यायले म्हण, आता काढा फोटो."

अर्धं पोतं तिनं मोकळं ठेवलं होतं. ताराबाई उभीच राहिली.